डिलिव्हरीनंतर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय, बायको तासगावला माहेरी आहे, नॉर्मल डिलिव्हरी झाली, तीन दिवसांनी घरी सोडलं. दूध कमी वाटतंय, शेक-शेगडी चालू आहे आणि पोट सुटेल म्हणून तिला पाणी घोटभरच देतात. मग बाळाबद्दल पाच प्रश्न. बाळंतिणीबद्दल एकही नाही. मी मिरजेकडे सतरा वर्षं लेबर वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून आधी तिचंच सांगते.

एका पाचवीच्या संध्याकाळी आमच्याकडे एक पोरगी आणली. घरात सटवाईच्या पूजेची तयारी चाललेली, आणि हिला उठून बसता येईना. आई म्हणाली, "अंगावरून जातंयच की बाळंतिणीच्या." लुगड्याच्या वापरलेल्या घड्या तिनं पिशवीत भरून आणल्या होत्या. मी मोजल्या. सकाळपासूनच्या अकरा, सगळ्या थबथबलेल्या. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी कडक गोळ्यासारखी लागायला हवी, ती मऊ. वारेचा तुकडा आत राहिला होता. रक्त चढवलं, पिशवी साफ केली, पोरगी वाचली. पण दुपारीच आणली असती तर तिचे इतके हाल झाले नसते.

अंगावरून जातं हे खरं. पहिले तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी, मग पिवळट पांढरं, असं चार ते सहा आठवडे चालतं. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा १००.४ च्या वर ताप गेला, तर सकाळची वाट बघू नका. डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तरीही तसंच, कारण बीपी बाळंतपणानंतरही वाढतं. एकाच पायाला सूज, धाप लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही असलं तरी लगेच १०८ ला फोन.

पाणी तोडू नका. तहान लागेल तितकं पिऊ द्या आणि लघवी तुंबू देऊ नका. लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भपिशवी नीट आवळत नाही. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल द्या. लोहाच्या गोळ्या मात्र १८० दिवस, आणि चहाबरोबर नकोत.

दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. तोवर येतो तो चीक थोडाच असतो आणि बाळाला तेवढाच पुरतो. मध नको, घुटी नको, पावडर मनानं नको. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा वेळा लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. बाळ ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर. नाळेला काही लावू नका. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी आजच थांबवा, त्या धुरानं दोघांनाही अपाय होतो.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. आल्या नसतील तर बोलावून घ्या.

आणि दादा, आज रात्री फोन कराल तेव्हा बाळाचं नंतर विचारा. आधी तिला विचारा, दिवसभरात पॅड किती लागले, लघवी साफ होतेय का, डोकं दुखतंय का. घरच्यांसमोर बोलायला लाजत असेल तर मेसेज करायला सांगा.