मेणबत्तीच्या उजेडात बसलेल्या आजीचा फोटो घरच्या घरी चांगला कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा: गणपतीला वेंगुर्ल्याजवळच्या घरी गेलात की रात्री लाईट जाते, आजी मेणबत्ती लावून माजघरात बसतात. डोळ्यांना ते फार सुंदर दिसतं, पण मोबाईलमध्ये ज्योतीचा पांढरा गोळा येतो आणि बाकी सगळा काळोख. चौकटीत नेमकं काय ठेवावं, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी त्याच पट्ट्यातला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा आमच्या वाडीत तारांवर माड पडले आणि आठवडाभर लाईट नव्हती. मोबाईल दुसऱ्याच दिवशी मान टाकून बसला, पण कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या भरलेल्या होत्या. आमच्या आजीचे फोटो मी त्या आठवड्यात काढले आणि जे सांगतोय ते तिथेच शिकलो.

आधी एक हट्ट सोडा. ज्योत फोटोत दिसलीच पाहिजे असं काही नाही. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल: हातात दिवा घेतलेली साडीतली तरुणी. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, जलरंगातलं आहे, आणि समोर उभी होती ती हळदणकरांची मुलगीच. त्यात तिने ज्योतीपुढे पंजा धरलाय. ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतात ती उजेडाने आतून लालसर झालेली बोटं आणि उजळलेला चेहरा. फोटो काढायला बसण्याआधी पाच मिनिटं ते चित्र बघा. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

कारण साधं आहे. ज्योत चेहऱ्यापेक्षा इतकी प्रखर असते की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाहीत. चेहरा धरला तर ज्योतीचा गोळा होतो, ज्योत धरली तर चेहरा जातो. मग ज्योतच आड करायची. मी अर्धी करवंटी उभी करून मेणबत्ती आणि कॅमेरा यांच्यामध्ये ठेवतो. तांब्याही चालतो. करवंटीचा फायदा असा की खिडकीतून येणारा वाराही थोडा अडतो आणि ज्योत फडफडत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. मेणबत्ती एक फुटावरून दोन फुटांवर नेली की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तीन फुटांवर नेली तर नववा हिस्सा. म्हणून सेटिंगशी झटापट करण्याआधी मेणबत्ती जवळ सरकवा. एकीच्या जागी तीन लावा, शेजारी शेजारी. फोटोत ती एकच मेणबत्ती वाटते. मात्र जमिनीवर ठेवू नका. खालून उजेड आला की डोळ्यांच्या खोबणी भुतासारख्या दिसतात. पाट किंवा उपडा डबा घेऊन ज्योत हनुवटीच्या उंचीला आणा, जराशी बाजूला. पदर आणि केस यांच्यापासून ती लांब राहील एवढं बघा.

त्या आठवड्यात एका रात्री आमची आजी सुपात कुळीथ निवडत होती. “तुका फोटो काढूचो तर काढ, पण माजा काम थांबूचा नाय,” म्हणाली. माझं नशीब की ती थांबली नाही. बांबूच्या सुपाचा रंग फिकट पिवळा असतो. उजेड त्यावर पडून परत वर तिच्या चेहऱ्यावर येत होता आणि हनुवटीखालची काळी सावली मऊ होत होती. सूप थोडं तिरपं झालं की गालावर उजेड यायचा, सपाट झालं की जायचा. तेव्हापासून मी लोकांच्या मांडीवर काहीतरी फिकट ठेवतो: सूप, पांढरा पंचा, अगदी वर्तमानपत्रसुद्धा. शिवाय हाताला काम असलं की माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही, आणि तसे फोटो मला जास्त आवडतात.

आता आकडे. कॅमेरा असेल तर एफ १.८ ची लेन्स (मोठ्या तोंडाची, जास्त उजेड आत घेणारी), तीन मेणबत्त्या फूटभर अंतरावर, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, शटर (तो किती वेळ उघडा राहतो) १/६० सेकंद इथून सुरुवात करा. एकच मेणबत्ती असेल तर आयएसओ ३२०० आणि शटर १/३० च्या आसपास. आयएसओ वाढवल्याने फोटोत थोडे दाणे आले तर येऊ द्या, हललेल्या चेहऱ्यापेक्षा ते बरे. मोबाईलमध्ये फ्लॅश बंद. नाईट मोडही बंद, कारण तो बराच वेळ घेऊन अनेक चित्रं एकत्र जोडतो आणि तेवढ्यात आजींचा हात हललेला असतो. गालावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. रंगाचं म्हणाल तर उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबडा; ज्योत साधारण १९०० केल्विनची असते. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचं सेटिंग, ऑटोवर सोडलं तर कॅमेरा कधी कधी तो पिवळेपणा धुऊन टाकतो, आणि ५५०० वर ठेवलं तर सगळं संत्र्यासारखं होतं. मी २५०० ते ३००० च्या मध्ये ठेवतो.

आपल्याकडच्या हवेची एक खास अडचण आहे, ती शहरातले लोक सांगत नाहीत. खाऱ्या दमट वाऱ्याने लेन्सवर चिकट थर बसतो आणि ज्योतीभोवती धुकट वलय येतं. जुन्या सुती कापडाने हलकेच पुसा. लेन्सवर फिल्टर, म्हणजे पुढची जादा काच, लावला असेल तर काढा, नाहीतर अंधारात कुठेतरी दुसरी, खोटी ज्योत तरंगताना दिसते. तीन दिवस मी ती कुठून येते हे शोधत होतो.

चौकटीचं बोलायचं तर मागच्या फळीवरची स्टीलची भांडी आधी हलवा. प्रत्येक डब्यात एक एक ज्योत चमकते आणि नजर तिकडेच जाते. जांभ्याची उघडी भिंत उत्तम, उजेड पिऊन टाकते; चुन्याची पांढरी असेल तर आजींना तिच्यापासून चार हात पुढे बसवा. चेहरा एका बाजूला घ्या आणि उरलेला काळोख तसाच राहू द्या, नंतर एडिटिंगमध्ये तो उजळायला जाऊ नका.

आणि लाईट जायची वाट बघू नका. दिवेलागणीला, सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी, घरातले दिवे मुद्दाम बंद करा. खिडकीच्या गजांमागे आभाळ गर्द निळं असतं आणि आत चेहरा पिवळा. हा मेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकतो, म्हणून मेणबत्त्या, पाट, सूप सगळं आधीच मांडून ठेवा.

फोटो छापणार असाल, तर छापायला देण्याआधी चेहरा थोडा उजळ करून घ्या. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. आमच्या आजीचा पहिला प्रिंट इतका काळा आला होता की सूप दिसलंच नाही. दुसरा आता ओटीवर लावलाय.