‘आम्ही रांगेत उभे होतो!’

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, कोथरूडचे. बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. यजमानांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, माझं अजून ग्रीन कार्डच आहे. मुलगी इथलीच, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नणंदेचा मुलगा एमएस करून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर ठरावीक मुदतीपुरत्या मिळणाऱ्या परवान्यावर, नोकरी करतो आणि आमच्याकडेच राहतो. सासूबाईंचंही ग्रीन कार्ड आहे, पण त्यांचा जीव पुण्यात. वर्षातून एकदा येतात, दीड-दोन महिने राहतात की परत. सध्या त्या इथे आहेत.

जेवायला बसलं की वाद ठरलेला. ह्यांचं म्हणणं, बेकायदा आलेल्यांना हाकलायलाच हवं. आम्ही फिया भरल्या, रांगेत उभे राहिलो, मग त्यांना फुकट का? मुलगी इमिग्रेशनच्या धाडींविरुद्धच्या मोर्च्यांना जाते. एकदा बापाला ‘निर्दय’ म्हणाली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. भाचा मान खाली घालून जेवतो आणि खोलीत जातो. सासूबाई विचारतात, “अगं, पण पोलीस आपल्याकडे कशाला येतील?” मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. मी कोणाची बाजू घेऊ? आणि आम्हाला खरंच घाबरण्याचं कारण आहे का?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या टेबलावर आवाज चढवणारी दोन माणसं आहेत आणि दोघंही नागरिक आहेत. उद्या कायदा कितीही कडक झाला तरी त्यांना त्या देशातून कोणी सहजासहजी काढणार नाही. ज्यांना तो कायदा रोज लागू होतो ते तिघं, म्हणजे तुम्ही, सासूबाई आणि भाचा, गप्प बसून आमटी-भात जेवताय. मला काळजी वाटली ती ह्या तिघांची. तरी तुम्ही बाजू विचारलीत, म्हणून आधी भांडणाऱ्यांकडे वळते.

तुमच्या यजमानांचं दुखणं खोटं नाही. नोकरीच्या मार्गानं मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातही बायको-मुलं मोजलेली, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारतासारख्या देशाला ह्याचा फटका किती बसतो हे तिथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. आईबाप रांगेत आणि मुलगा २१ वर्षांचा झाला म्हणून त्यांच्या अर्जातून बाहेर, असं झालेली घरं मला इथे पुण्याला पत्रं लिहितात. एवढं सोसलेल्या माणसाला ‘नियम सगळ्यांना सारखे असावेत’ असं वाटलं, तर त्याला निर्दय म्हणणं बरोबर नाही. आपल्या सीमेवर कोण येतं हे ठरवायचा हक्क देशाला असतोच.

पण त्यांच्या बोलण्यात एक गफलत आहे. सीमा ओलांडून येणारा माणूस त्यांच्या रांगेत घुसलेला नाही. बँकेत पैसे काढायची रांग वेगळी आणि पासबुक भरायची वेगळी, तसं आहे हे. त्यांची रांग लांबली ती १९९०च्या कायद्यातल्या आकड्यांमुळे आणि ७ टक्क्यांच्या अटीमुळे. उद्या अख्खी सीमा भिंत घालून बंद केली, तरी नोकरीवाल्यांच्या रांगेतला एकही माणूस त्यामुळे पुढे सरकणार नाही. राग असेल तर तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर काढावा. आणि ही रांग तरी आपल्यासाठी कधी उघडली? १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. १९४६ साली दार किलकिलं झालं, ते वर्षाला १०० भारतीयांपुरतं. आपली इंजिनियर-डॉक्टर मंडळी सुटकेस घेऊन निघू शकली ती १९६५च्या कायद्यानंतर. त्याआधी निघाले असते तर तुमचे यजमान कितीही सरळमार्गी असोत, त्यांना उभं राहायला जवळजवळ रांगच नव्हती.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. ‘बेकायदा’ म्हटलं की डोळ्यांसमोर वाळवंट आणि कुंपण येतं. पण कागदाविना राहणाऱ्यांतला मोठा हिस्सा रीतसर व्हिसा घेऊन विमानानं उतरलेला असतो आणि मुदत संपल्यावर थांबलेला असतो. त्यात आपलेही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले ३ जण होते. आणि फार लांब कशाला जायचं? तुमच्या गावात पोळ्यांची ऑर्डर घेणाऱ्या काकू असतीलच. प्रत्येक मराठी वस्तीत असतात. शनिवारी पन्नास पोळ्या, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, गणपतीत उकडीचे मोदक, पैसे रोख. बऱ्याच काकूंचे कागद चोख असतात. पण त्यांतली एखादी मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेली असते, आणि त्या व्हिसावर कमाई चालत नाही. नियम मोडला की मोडला. तिच्या पोळीचा घास घेऊन ‘सगळ्यांना हाकला’ म्हणायचं, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. काकूंची तक्रार करा असं मी अजिबात सुचवत नाही. यजमानांना भरल्या पंगतीत टोमणा मारू नका, एकटे असताना एवढंच विचारा : कडक म्हणजे कोणासाठी कडक? विचारी माणूस असेल तर तो स्वतःच एक पायरी खाली येईल.

आता लेकीकडे. तिला बापाचा चेहरा दिसतो, बापाची रांग दिसत नाही. वीस वर्षांच्या पोरीला दिसणारही नाही. पण कायदा राबवणं म्हणजेच क्रूरपणा, असं तिला वाटत असेल तर तिला पुण्याचं उदाहरण द्या. इथे शिकायला आलेल्या परदेशी मुलाला फ्लॅट भाड्यानं दिला, तर मालकाला २४ तासांत सरकारी फॉर्म भरून त्याची माहिती कळवावी लागते. कोंढव्यातले मालक भरतात, बाणेरमधले भरतात. त्याला कोणी जुलूम म्हणत नाही. आपल्याकडेही व्हिसा संपलेल्या परदेशी माणसाला पकडून परत पाठवतात, आणि तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी त्याच्या हातातल्या बेड्यांची चौकशी केली? हे तिला विचारा. ती अडखळेल, आणि त्या अडखळण्यातून बोलणं सुरू होईल.

माझा अंदाज असा, की नीट ऐकलं तर बापलेकीत तुम्हाला वाटतं तेवढं अंतर नाही. बापाला कायदा राबवला जायला हवाय. तिला तो राबवणाऱ्यांनीही कायदा पाळायला हवाय. वॉरंट कोणाच्या सहीचं, पकडलेल्याला न्यायाधीशासमोर उभं करतात की नाही, चुकून नागरिकालाच उचललं तर जबाबदार कोण, हे तिचे प्रश्न आहेत, आणि नियमांवर श्रद्धा असलेल्या माणसाला ते परके वाटायचं काहीच कारण नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे पुणेरी बापाला समजावून सांगावं लागू नये. मोर्च्याला तिनं खुशाल जावं. ती नागरिक आहे, तो तिचा हक्क आहे. फक्त “चल ना दादा” म्हणून भाच्याला ओढून नेऊ नये. त्याचं गणित वेगळं आहे.

त्या मुलाकडे कोणाचं लक्ष आहे का? ओपीटीचे १२ महिने, विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असेल तर वर २४. पहिल्या टप्प्यात नोकरीविना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, पुढची मुदतवाढ धरून १५०. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा. २०२५च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारनं अचानक रद्द केल्या, त्यातल्या कितींची तर पोलिसांशी झालेली गाठ अगदी किरकोळ होती. लोक कोर्टात गेले, मग नोंदी परत चालू केल्या. पण ते आठवडे त्या मुलांनी कसे काढले असतील! तो मान खाली घालून जेवतो ह्याचं मला नवल वाटत नाही. मामा ‘हाकला’ म्हणतो तेव्हा त्याला वाटत असणार की उद्या माझी नोकरी गेली तर हा माझ्याबद्दलही हेच म्हणेल.

त्याला एका संध्याकाळी बाजूला घ्या, शक्य तर मामालाच घेऊ द्या. कंपनी एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज करणार आहे का, कधी, हे विचारा. अर्ज चालू असताना नणंदेनं “चुलत बहिणीचं लग्न आहे, आठवडाभर येऊन जा” म्हटलं तर वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. तिथल्या तिथे स्टेटस (विद्यार्थ्याचं नोकरदारात) बदलायचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, आणि सप्टेंबर २०२५च्या आदेशानं देशाबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आणलं. लग्नाचा आहेर फार महागात पडायचा. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला, बसताना सोशल मीडियाची खाती द्यावी लागतात, तीही सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवून. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर काय फॉरवर्ड करायचं ते मामानं ठरवावं, भाच्यानं नको. दारू पिऊन गाडी, गांजा (तुमच्या राज्यात चालत असला तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच), दुकानात ‘गंमत’ म्हणून केलेली उचलेगिरी, ह्यातलं काहीही नको. हे त्याला माहीत असेलच. तरी घरातल्या मोठ्या माणसानं एकदा सांगितलेलं बरं असतं.

तुमच्याविषयी. तुम्ही घाबरू नका, पण ढिलाईही नको. १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकानं कार्ड जवळ बाळगायचं, असा कायदाच आहे. देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचा चौकोन समोर आला तर चुकूनही टिक करू नका. नागरिक नसताना नागरिक म्हणवून घेणं ही फार थोड्या न सुधारता येणाऱ्या चुकांपैकी एक आहे. दारावर कोणी आलं तर दार उघडण्याआधी वॉरंट दाखवायला सांगा, सही न्यायाधीशाची आहे की इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याची ते बघा, आणि वकिलाला फोन लावा. तो नंबर आजच सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊ दे.

तुम्ही नागरिकत्व का घेतलं नाही हे लिहिलं नाहीत. अनेक जणी मला सांगतात, मुळशीकडे थोडी जमीन घ्यायची आहे, म्हणून भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. अहो, परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ओसीआय कार्ड घेतलेल्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसालाही नाही. फ्लॅट दोघांनाही घेता येतो. तेव्हा कारण जमिनीचं असेल तर ते सोडा. मनाचं असेल तर ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

राहिल्या सासूबाई, आणि मला विचाराल तर घरात सगळ्यात कच्चा कागद त्यांचाच आहे. “पोलीस आपल्याकडे कशाला येतील” हे खरं, पण त्यांना गाठायला पोलीस लागत नाहीत, विमानतळावरचा अधिकारी पुरतो. ग्रीन कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी आहे. दहा महिने पुण्यात, दीड महिना न्यू जर्सीत आणि ‘कार्ड जिवंत ठेवायला एक चक्कर’, ही आपल्याकडे सर्रास चाललेली पद्धत आहे. पण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की राहण्याच्या हेतूबद्दल विचारणा होऊ शकते, आणि वर्ष उलटलं तर रीएन्ट्री परमिटशिवाय (परत आत येण्याचा आगाऊ परवाना) नुसत्या कार्डावर आत येता येत नाही. इथे ‘कडक तपासणी हवी’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईचीच तपासणी होईल. हे यजमानांना मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा, आणि भांडणात नको, हिशेबाच्या वहीसारखं सांगा.

त्यांच्यापुढे दोन सरळ रस्ते आहेत. तिथेच राहायचं असेल तर राहायचं, आणि लांबच्या मुक्कामाला जाण्याआधी रीएन्ट्री परमिटचा अर्ज करायचा. तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून आत्ता त्या तुमच्याकडे आहेत तोवरच. आणि पुण्यातच राहायचं असेल, मंडईतली भाजी आणि सकाळची टेकडी सोडवत नसेल, तर कार्ड मानानं परत करून व्हिजिटर व्हिसा घ्यायचा आणि नातीला भेटायला यायचं. दोन्हीत काही कमीपणा नाही. मधल्या काळात विमानतळावर कोणी ‘आय-४०७’ नावाचा फॉर्म पुढे सरकवला तर ‘सही करा, सोपं आहे’ ह्यावर भाळायचं नाही. तो कार्ड सोडल्याचा फॉर्म आहे. सही करायची सक्ती नाही, न्यायाधीशासमोर बाजू मांडायचा हक्क त्यांना आहे. हे त्यांना मराठीत एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. परतीचं तिकीट कधीचं आहे ते मात्र तुम्ही कळवलं नाहीत. महिन्याभराच्या आतलं असेल तर ह्या आठवड्यातच वकिलाची वेळ घ्या, आणि त्या भेटीला सासूबाईंबरोबर त्यांच्या मुलालाच पाठवा.