नक्षीचे टाके घालताना कापड गोळा होतं आणि सुई मोडते, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की साधी शिलाई छान येते, पण झिगझॅग लावलं की सुई मोडते आणि नक्षीच्या टाक्याखाली कापड गोळा होतं. मी घरी फॉल-पिको करते. सुरुवातीला माझंही हेच व्हायचं.

सुईचं कारण बहुतेक फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय. साध्या शिलाईच्या फूटला एकच बारीक भोक असतं. झिगझॅगला सुई डावीउजवीकडे हलते आणि थेट लोखंडावर आपटते. आडव्या खाचेचा फूट लावा, सुईखालची धातूची पट्टीही लांब भोकाची हवी. टाका बदलताना सुई कापडाच्या वर ठेवा आणि मग पायडल दाबण्याआधी चाक हाताने दोन-तीनदा फिरवून बघा. मी अजूनही बघते.

कापड गोळा होतं कारण रुंद टाक्याचा दोरा दोन्ही बाजूंनी कापड आत ओढतो. कापडाखाली कागद घाला आणि शिवून झालं की अलगद फाडून काढा. वर्तमानपत्र मात्र नको, त्याच्या शाईने मी भाचीचा पांढरा फ्रॉक घालवलाय. बटर पेपर चांगला. वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) थोडं सैल करा, म्हणजे बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा वर डोकावत नाही. भरीव पट्टी हवी असेल तर टाक्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा. अगदी शून्यावर नेली तर कापड पुढे सरकत नाही, दोरा एकाच जागी साठतो आणि गुंता होतो.

हात बसायला पिकोसारखा सराव नाही. जॉर्जेटची जुनी ओढणी घ्या, कडेचे सुटे धागे कापा. टाका बारीक ठेवा आणि कापड असं धरा की सुई एकदा कापडात आणि एकदा कडेच्या जरासं बाहेर पडेल. दोरा कडेला गुंडाळला जातो, पातळ कापडाची कड आपोआप आत वळते. कापड मागून ओढू नका, नाहीतर कड लाटांसारखी होते. सिल्कच्या साडीला पदराकडे गोंडे करायचे असतील तर तिकडे पिको करू नका, पदराचे सुटे धागे गोंड्यांना लागतात. (हे गिऱ्हाइकाला आधीच विचारायचं, नंतर धागे परत येत नाहीत.)

डायलवरच्या पानाफुलांचं म्हणाल, तर मी दोन-तीनच वापरते. उशीच्या अभ्र्याला किंवा फ्रॉकच्या घेराला शिंपल्यासारखी कमानीची कड शोभते, बाकीचे टाके एकदा हौस म्हणून घालून बघितले. तीन टप्प्यांचं झिगझॅग (प्रत्येक तिरकी रेघ तीन छोट्या टाक्यांची) मात्र शिकाच. पातळ कापडाची कड त्याने आक्रसत नाही, इलास्टिकही त्यानेच लावते. टी-शर्टच्या कापडावर टाके सुटत असतील तर मशीनला दोष देऊ नका, गोल टोकाची सुई घाला.