चानी निघून जाते, म्हणूनच हा 'ड्यून' खरा

तुम्ही म्हणताय की 'ड्यून' चित्रपटाचे दोन्ही भाग पाहिले, वाळवंट आणि ते अजस्र किडे बघून डोळे दिपले, पण गोष्ट जुनीच वाटली: बाहेरून पॉल नावाचा एक राजपुत्र येतो आणि अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या गांजलेल्या फ्रेमन जमातीचा तारणहार होतो. शिवाय पुस्तकातलं इतकं बदललंय, तरी आम्ही पुस्तकवाले एवढे खूश का, हेही विचारलंय. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या मते हे बदल त्या तारणहाराच्या गोष्टीला सुरुंग लावण्यासाठीच केलेत.

फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ची. लोकांना भारून टाकणाऱ्या पुढाऱ्यापासून सावध राहा, हे त्याला सांगायचं होतं आणि तसं तो पुढे उघडपणे बोललाही. अडचण अशी की पुस्तक बरंचसं पॉलच्या डोक्यातून चालतं. त्याची भीती, त्याचे हिशोब, त्याला दिसणारं भविष्य हे सगळं आपण आतून वाचतो आणि नकळत त्याच्या बाजूचे होतो. अनेक वाचकांनी पॉलला सरळ नायकच मानलं. हर्बर्टचा पुढचा भाग, 'ड्यून मसाया', १९६९ साली आला. त्यात पॉल सम्राट झालाय आणि त्याच्या नावाने लढल्या गेलेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसं मेलीत. हा आकडा पॉल स्वतःच सांगतो, आणि तुलनेला हिटलरचं नाव घेतो.

दिग्दर्शक डनी व्हिलनवने हे दुसरं पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून पहिल्याचे चित्रपट केले. जो इशारा हर्बर्टला नंतर ठळक करावा लागला, तो त्याने पहिल्याच गोष्टीत आणून ठेवला आणि त्यासाठी पॉलची फ्रेमन प्रेयसी चानी निवडली. पुस्तकातली चानी शेवटपर्यंत पॉलच्या पाठीशी आहे. तिथे अखेरीस पॉलचं लग्न सम्राटाच्या मुलीशी ठरतं आणि पॉलची आई जेसिका, जिचं स्वतःचंही लग्न झालेलं नव्हतं, चानीची समजूत काढते की इतिहास आपल्यालाच बायको म्हणेल. चित्रपटात अशी समजूत काढायला कोणी येत नाही. सगळे गुडघे टेकतात, चानी टेकत नाही आणि निघून जाते. चानी झालेल्या झेंडायाला दुसऱ्या भागात एवढं काम का दिलंय, हे त्या क्षणी कळतं. पॉलकडे बाहेरून बघणारी नजर पुस्तकात कमी पडत होती, ती हिने पुरवली.

आणि हा काही दुसऱ्या भागाच्या वेळी सुचलेला विचार नाही. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला सम्राटाची मुलगी, राजकन्या इरुलान, हिच्या लेखनातले उतारे येतात, म्हणजे आधीच लिहून झालेला दरबारी इतिहास. २०२१चा पहिला भाग मात्र चानीच्या आवाजात सुरू होतो. अराकिसवर सत्ता गाजवणारं हार्कोनन घराणं गेलं, आता आमच्यावर जुलूम करायला कोण येणार, असं ती विचारते. पुढच्याच दृश्यात पॉल झोपेतून जागा होतो. उत्तर तिथेच दिलंय, आपलं लक्ष नसतं.

फ्रेमनांचा म्होरक्या स्टिलगार, त्याच्याकडे पुन्हा एकदा बघा. हाविएर बार्डेमने तो इतका लोभस केलाय की थिएटरात लोक हसतात. पॉल म्हणतो, मी तो महदी, म्हणजे भविष्यवाणीतला तारणहार, नाही. स्टिलगार म्हणतो, बघा किती नम्र, म्हणजे हाच तो! त्या हसण्यात केवढी भीती आहे! होकार दिला तरी पुरावा, नकार दिला तरी पुरावा. ही भविष्यवाणीसुद्धा फ्रेमन लोकांची स्वतःची नव्हे, बेने जेसेरिट या गूढ स्त्रीपंथाच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या पेरलेली आहे. शेवटाकडे हाच स्टिलगार मित्र उरत नाही, भक्त होतो. फ्रेमन लोकांमध्ये उत्तरेचे संशयी आणि दक्षिणेचे श्रद्धाळू अशी फूट पुस्तकात नाही, ती चित्रपटाची भर आहे. पण तिच्यामुळेच पॉल दक्षिणेला जायला का घाबरतो, हे एका वाक्यात समजतं.

आता रूपांतर म्हणून मला सर्वांत जास्त भावलेली जागा. कादंबरीतली पात्रं सतत मनात बोलतात. १९८४च्या डेव्हिड लिंचच्या चित्रपटात तेच विचार कुजबुजत ऐकवले होते. व्हिलनवने काय केलं? पेटीत हात घालून पॉलची परीक्षा होते तो प्रसंग आठवा. भीतीवरचा तो मंत्र पुस्तकात पॉल मनातल्या मनात म्हणतो. चित्रपटात तो दाराबाहेर उभी असलेली जेसिका पुटपुटते, आणि आत पॉल एक शब्द न बोलता वेदना सोसतो. मंत्र तोच, पण आता त्यात आईची घालमेल आली, तिनेच त्याला हे शिकवलंय हे आलं, आणि परीक्षा घेणाऱ्या, शार्लट रॅम्प्लिंगने साकारलेल्या बेने जेसेरिटच्या गुरुमातेपुढे तिचं काही चालत नाही हेही आलं. पुस्तकातल्या पानंच्या पानांचं काम एका प्रसंगात झालं.

चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. वाळवंट खरं आहे, जॉर्डनमधलं वादी रम आणि अबू धाबीजवळची वाळू. स्टुडिओत अनेक ठिकाणी निळ्या-हिरव्या पडद्याऐवजी वाळूच्या रंगाचा पडदा लावला, म्हणजे चेहऱ्यांवर पडणारा उजेडही त्या जागेचाच वाटतो. हार्कोननांच्या ग्रहावरचं ते अंगावर येणारं काळं-पांढरं दृश्य अवरक्त किरणांवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलंय. छायाचित्रकार ग्रेग फ्रेझरची कल्पना साधी आहे: त्या सूर्याच्या उजेडात रंगच नाहीत. पात्रं आतून बाहेर येतात तेव्हा कातडीवरचा रंग उडतो, तेवढं जरूर बघा. पहिल्या भागाला मिळालेल्या सहा ऑस्करांत फ्रेझरचं छायाचित्रण आणि हान्स झिमरचं संगीत दोन्ही होती, आणि ती योग्यच होती.

सगळंच आवडलं असं नाही. पॉलच्या घराण्याचा सल्लागार थुफिर हावात पहिल्या भागात आहे आणि दुसऱ्यात गायबच. पुस्तकात हार्कोननांच्या हाती लागल्यावर त्याचं काय होतं, हा सुंदर भाग गेला. अराकिसवरच्या अराकीन शहरातल्या मेजवानीचा प्रसंगही नाही, जिथे पाण्यावरचं राजकारण एका टेबलाभोवती उलगडतं. काळ फार आवळलाय. पुस्तकात मध्ये काही वर्षं जातात, पॉलची बहीण आलिया जन्मून बोलायला-लढायला लागते. चित्रपटात सगळं जेसिकाच्या गरोदरपणातच आटोपतं. त्याने गती आली, पण पॉल फ्रेमन लोकांत मुरलाय हे मला पूर्ण पटलं नाही. फक्त अराकिसवर मिळणाऱ्या 'मसाला' या पदार्थाशिवाय अवकाशप्रवास का अडतो, हेही पुस्तक न वाचलेल्यांना नीट कळत नाही. तुम्हालाही तिथे अडखळायला झालं असेल.

पुस्तक आता वाचावं का, असंही शेवटी विचारलंय. वाचा, आणि लगोलग 'ड्यून मसाया'ही घ्या, ते छोटं आहे. पहिल्या पुस्तकाची परिशिष्टं मात्र सोडू नका. ही कादंबरी मुळात सुचली ती ओरेगनमधल्या फ्लोरेन्स गावाजवळ, सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवायचं काम पाहताना. त्यावर हर्बर्टला एक लेख लिहायचा होता, तो राहिला आणि त्यातून हे उभं राहिलं. चित्रपटात त्यातलं फार थोडं आलंय. वाड्याच्या अंगणातल्या वीस खजुरीच्या झाडांचं दृश्य आठवतंय? एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं, म्हणजे शंभर जीव. तरी माळी त्यांना पवित्र म्हणतो, कारण ते हिरव्या अराकिसचं जुनं स्वप्न आहे. ते स्वप्न कोणी पाहिलं, किती पिढ्यांचा हिशोब मांडला आणि त्यासाठी पाणी कसं साठवलं, हे सगळं पहिल्या परिशिष्टात आहे. कादंबरी पूर्ण करायला वेळ लागणार असेल, तर तेवढं परिशिष्ट आधी वाचलंत तरी चालेल.