नववीतल्या मुलाला वाचून दाखवायचं, पण पुस्तक कुठलं?

हा प्रश्न हल्ली आईबाबा मला वरचेवर विचारतात. मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची, वाचताना अडखळते, पुस्तक समोर आलं की चिडते, मग कुणीतरी सांगतं घरी मोठ्याने वाचून दाखवा, ते पटतंही, पण पुस्तक निवडताना गाडी अडते.

मागे एक आई आल्या होत्या, मुलगा नववीत. त्यांनी मोठ्या अक्षरातलं, चित्रांचं, शेवटी तात्पर्य असलेलं पुस्तक आणलं होतं, कारण त्याला स्वतःला तेवढंच वाचता येतं. दोन पानं झाली की पोरगा उठून जायचा. "मॅडम, तो ऐकूनच घेत नाही हो," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

मी मुलाशी एकट्याशी बोलले. त्याच्या वयाचा एक उतारा त्याला वाचायला दिला तर जोडाक्षर आलं की थांबायचा, शब्दाचं पहिलं अक्षर बघून अंदाजाने पुढचं ठोकून द्यायचा, चौथ्या ओळीला मान खाली. मग त्याच तोडीचा दुसरा उतारा मी वाचून दाखवला, आणि तो म्हणाला, "हा माणूस खोटं बोलतोय ना? आधी म्हणाला कुणाला भेटलोच नाही." उताऱ्यात हे कुठेही सरळ लिहिलेलं नव्हतं, त्याने ऐकून पकडलं होतं.

वाचनाचा अभ्यास करणाऱ्या फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, छापलेला शब्द उलगडणं आणि ऐकलेली भाषा समजणं. या मुलाचं पहिलं कच्चं, दुसरं पक्कं. म्हणून मी आईला सांगितलं, ताई, तो स्वतः काय वाचू शकतो ते बघून पुस्तक घेऊ नका, त्याला ऐकून काय समजतं आणि कशात रस आहे ते बघा. लहान मुलांचं पुस्तक हातात दिलं की त्याला एवढंच ऐकू येतं की तू ढ आहेस, आणि या वयात ते फार लागतं हो.

मग काय बघायचं? पहिल्या पानावरच काहीतरी घडायला हवं. पात्रं थोडी, संवाद भरपूर, प्रकरणं छोटी आणि 'पुढे काय?' असं वाटतं तिथेच संपणारी. नायक त्याच्याएवढा किंवा जरा मोठा चालतो, लहान नको. कादंबरीच हवी असं काही नाही, खऱ्या मोहिमा, गुन्ह्याचा तपास, खेळाडूची गोष्ट, सगळं चालतं. दोन-तीन पुस्तकांची पहिली पानं वाचून दाखवा आणि त्याला निवडू द्या, नाही आवडलं तर अर्ध्यात सोडायची मुभा द्या. तुम्हाला स्वतःला कंटाळा येतो ते पुस्तक घेऊच नका, आवाजात लगेच कळतं.

वाचताना प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत थांबू नका, गोष्ट पुढे सरकू द्या. ससेक्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या 12-13 वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला होता, 12 आठवड्यांत दोन अवघड कादंबऱ्या वर्गात मोठ्याने, भरभर वाचल्या, आणि वाचनात मागे असलेल्या मुलांची समज सरासरी 16 महिन्यांइतकी पुढे गेली. अभ्यास एकच आहे, त्यामुळे आकडा धरून बसू नका, पण अवघड पुस्तक झेपणार नाही ही भीती सोडा. आणि वाचून झाल्यावर "काय शिकलास?" हे प्लीज विचारू नका, "आता तू एक पान वाच" पण नको.

एक मात्र स्पष्ट सांगते, नुसतं ऐकून शब्द उलगडण्याची अडचण जात नाही. त्यासाठी डोळे तपासणं, डिस्लेक्सियाची, म्हणजे हुशारी असूनही अक्षरं-शब्द वाचणं अवघड जाण्याच्या अडचणीची, तपासणी आणि शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून नियमित सराव हे वेगळं करावंच लागतं, वेगळ्या वेळी. त्या मुलाचा तो सराव अजून चालूच आहे, वेग हळूहळू वाढतोय, शाळेचे पेपर अजून जड जातात. घरी मात्र त्याने पुढचं पुस्तक खुनाच्या तपासाचं निवडलं, आईला रक्तबिक्त वाचवत नाही, म्हणून ते आता बाबा वाचून दाखवतात.