वाचकांचे प्रश्न: घरच्या सायकल वर्कशॉपला कुठली हत्यारं घ्यायची?

प्रश्न: नमस्कार. घरात तीन सायकली आहेत, माझी गिअरवाली एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक), मुलीची छोटी आणि बाबांची जुनी काळी सायकल. दरवेळी दुकानात नेऊन ठेवायची आणि चार दिवस वाट बघायची याचा कंटाळा आलाय, म्हणून गॅलरीत छोटं वर्कशॉप करायचं ठरवलंय. ऑनलाइन ४४ हत्यारांची एक पेटी दिसली, स्वस्त वाटतेय. घेऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: दादा, पेटी नका घेऊ. त्यातली निम्मी हत्यारं तुमच्या सायकलला लागणारच नाहीत आणि जी रोज लागतील तीच नेमकी मऊ लोखंडाची निघतात. त्यापेक्षा एक वही घ्या आणि तिन्ही सायकलींभोवती एक चक्कर मारा. अ‍ॅलन बोल्ट (डोक्यात सहा कोनी भोक असलेले) कुठे आहेत, नट कुठे आहेत, चाक नटाचं आहे की क्विक रिलीजचं (दांडी उघडून हाताने निघणारं), ब्रेक डिस्कचा आहे की रिमचा, ट्यूबचा वॉल्व कुठला, सगळं लिहून काढा, ती झाली तुमची खरेदीची यादी. बाकीचं जसं काम निघेल तसं घ्यायचं.

सगळ्यात आधी पैसे घालायचे ते अ‍ॅलन कीमध्ये, म्हणजे दुकानात ज्याला एल-की म्हणतात त्यात. गिअरच्या सायकलवर सत्तर-ऐंशी टक्के काम ४, ५ आणि ६ एमएमवर होतं, बारीक कामाला २, २.५, ३ आणि क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागतं त्याच्या, बोल्टला बहुतेक वेळा ८. ही की हलकी असली ना, की तिचे कोपरे झिजतात आणि मग ती बोल्टचं भोक आतून गोल करून ठेवते, आणि गोल झालेला बोल्ट काढायला जो त्रास होतो आणि जो खर्च येतो त्यात चांगल्या कीचे दोन सेट आले असते. टपारियाचा सेट घ्या, आपल्या नाशिकच्या सातपूरची कंपनी आहे आणि साध्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. मुंबईकडे येणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटला हातात घेऊन बघून घेता येईल. बॉल एंडवाला, म्हणजे एका टोकाला गोळी असलेला, घेतलात तर एक ध्यानात ठेवा, गोल टोक फक्त तिरक्या जागेतून बोल्ट पटापट फिरवायला, शेवटचं घट्ट करायचं ते आखूड सरळ टोकाने.

डिस्क ब्रेक असेल तर टी-२५ टॉर्क्स की (चांदणीसारख्या टोकाची) लागेल, रोटरचे, म्हणजे ब्रेकच्या चकतीचे, सहा बोल्ट बहुतेक तिनेच निघतात.

मग पंक्चरचं सामान. टायर काढायला प्लॅस्टिकचे लिव्हर घ्या, तीन असले तर बरं. स्क्रू ड्रायव्हर घालून टायर उचलणारे खूप जण बघितलेत आणि त्यात ट्यूब चिमटून दुसरं भोक पडतं, शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला ओरखडे. पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर. सोल्युशन लावल्यावर लगेच पॅच चिकटवायचा नाही, हात लावून ओलं लागणार नाही इतकं सुकू द्यायचं, घाईत सगळ्यात जास्त पॅच इथेच सुटतात. पंप पायाने दाबून धरायचा उभा आणि मीटरवाला घ्या. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं. मोटरसायकलसारखा जाड वॉल्व आणि रेसिंग सायकलचा बारीक प्रेस्टा, दोन्ही चालतील असंच पंपाचं तोंड बघून घ्या. बाबांच्या सायकलला जुना रबराच्या नळीचा वॉल्व असेल तर त्यावर मीटर बरोबर दाखवत नाही, तिथे अंगठ्याने दाबूनच बघायचं.

चेनसाठी चेन तोडायचं टूल हवंच. पण चेन झिजलीय का हे बघायचं वेगळं गेज मिळतं ते आत्ता घेऊ नका, एक स्टीलची पट्टी पुरते, फक्त १२ इंचापेक्षा लांब हवी. सायकलच्या चेनची एक पिन ते पुढची पिन हे अंतर अर्धा इंच, बाबांच्या सायकललाही तेच आणि महागड्या रेसिंगलाही तेच. म्हणून एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की २४वी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर नवीन चेनची तयारी करा आणि १/८ इंच गेली असेल तर त्या चेनने मागचे दातेही खायला सुरुवात केलेली असते, मग नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारायला लागते आणि खर्च दुप्पट. महिन्यातून एकदा पट्टी लावायची सवय लावून घ्या, पावसाळ्यात तर जरा जास्तच, कारण चिखल आणि बारीक वाळू चेनमध्ये बसली की ती फार भरभर झिजते.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. शिमानो या जपानी कंपनीच्या गिअरवर जे छोटे प्लसचे स्क्रू असतात ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात आणि आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट तळाला बसत नाही, जोर लावला की घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. एक जेआयएस ड्रायव्हर घेऊन ठेवा, फार महाग नसतो.

हेडसेटचे (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचे) कप दाबून बसवायचा प्रेस, बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा आस बसतो त्या जागेचे) आटे परत पाडायचे टॅप, असलं काही घरात घेऊ नका. ती कामं काही वर्षांतून एकदा निघतात, ती तुमच्या दुकानवाल्याला द्या, त्याचा हात त्यात बसलेला असतो.

प्रश्न: सायकलचं पेडल बदलायचंय पण डावं पेडल काही केल्या सुटत नाही. मोठा पाना घेऊ की मेकॅनिककडे जाऊ? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: आधी हे बघा की तुम्ही ते उलट अजून घट्ट तर करत नाहीये ना. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, उजव्याला सरळ, कारण दोन्हीकडे सरळ असते तर चालवताना डावं पेडल आपोआप सैल होत गेलं असतं. पाठ करायला सोपं आहे, पाना पेडलवर वरच्या दिशेला उभा धरा आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पेडलं तशीच सुटतात. पाना १५ एमएमचा लागतो, आणि साधा जाड असेल तर फटीत जात नाही म्हणून पेडलचा पातळ आणि लांब दांड्याचा मिळतो तो घ्या. काही पेडलांना बाहेरून पाना बसतच नाही, क्रँकच्या मागून ६ किंवा ८ ची अ‍ॅलन की घालावी लागते. तुमच्याकडे समुद्राच्या हवेने आटे गंजून धरतात, तेव्हा गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत बघा. आणि नवीन पेडल लावताना आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय लावू नका, प्लीज.

प्रश्न: मागचे दाते काढायला दुकानदार विचारतो, फ्रीव्हीलचा ओपनर पाहिजे की कॅसेटचा? मला फरकच कळत नाही. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: चाक काढून हातात घ्या, ओपनर जिथे बसतो त्या मधल्या खाचांकडे बघत दाते मागे फिरवा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, खाचा जागेवर राहिल्या आणि नुसते दातेच फिरले तर फ्रीव्हील. स्वस्त सहा-सात गिअरच्या सायकलींना बहुतेक फ्रीव्हीलच असतं. कॅसेटला ओपनरसोबत दाते धरून ठेवायला चेनचा तुकडा लावलेला दांडा, म्हणजे चेन व्हिप, घ्यावा लागतो. फ्रीव्हीलला तो लागत नाही, पण ते पेडल मारून मारून इतकं आवळलेलं असतं की साध्या पान्याने हलत नाही, ओपनर बाकाच्या व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) धरून वरून अख्खं चाक फिरवावं लागतं. घरी व्हाइस नसेल तर कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे चाक घेऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: आजोबांची जुनी सायकल चालू करायचीय. क्रँकची पिन हलते, पेडल मारताना कट-कट होतं. त्याला कुठलं हत्यार? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, ती कॉटर पिन. तिला फार काही लागत नाही, बरोबर बसणारा रिंग पाना, हातोडी आणि आधाराला एक जाड लोखंडी पाइपचा तुकडा. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाबरोबर येईल इतकाच सैल करा, म्हणजे हातोडीने आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली पाइप जमिनीपर्यंत टेकवा, नाहीतर सगळा ठोका आतल्या छर्‍यांवर बसतो, आणि मग एकच जोरदार ठोका, बारीक बारीक ठोकत बसलात की पिन वाकते. हललेली पिन परत वापरायची नाही, जुनी पिन नमुन्याला घेऊन जा आणि तिच्याच जाडीची नवी आणा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही पेडलं एका रेषेत येत नाहीत. अशा जुन्या सायकलींचे नट मिमीच्या मापात नीट बसत नाहीत, म्हणून नट खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच पाना लावून बघून घ्या.

प्रश्न: चाक आउट झालंय, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलतंय, त्यासाठी स्टँड घ्यायला हवा का? आणि टॉर्क रेंच? – एक वाचक, पुणे

उत्तर: चाकाचा स्टँड नको, चाक सायकलमध्येच राहू द्या, फ्रेमला एक केबल टाय बांधून त्याचं टोक रिमच्या जवळ आणा, चाक फिरवलं की कुठे घासतंय ते दिसतं. पैसे घाला ते स्पोकच्या चावीत. ती एकाच मापाची आणि तुमच्या निपलला (स्पोकच्या टोकाचा छोटा नट) घट्ट बसणारी हवी, आठ खाचांची गोल चावी निपलचे कोपरे खाते. पाव-पाव फेऱ्यानेच फिरवा आणि दरवेळी चाक फिरवून बघा. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, कार्बनची फ्रेम, हँडल किंवा सीटपोस्ट असेल तर आजच घ्या, तिथे अंदाजाने आवळणं धोक्याचं आहे. स्टेमवर (हँडल पकडून ठेवणारा तुकडा) ५ एनएमच्या (न्यूटन-मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) आसपासचा आकडा छापलेला असतो तो पाळायचा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची साधी सायकल असेल तर आखूड की दोन बोटांत धरून आवळली तरी चालतं. आणि हो, ब्रेक हायड्रॉलिक असतील तर सायकल उलटी करून काम करू नका, तेलातली हवा पाइपात शिरते आणि लिव्हर मऊ पडतो, त्यापेक्षा छताच्या हुकाला दोरी बांधून सीटपासून टांगा.