न लिहिलेले वाक्य

सोलापूर

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा मसुदा दोनदा वाचला. यंत्रमागावर २० वर्षे काढलेल्या कामगारांत खोकल्याची तक्रार नव्या पोरांपेक्षा कमी आढळली, म्हणून छाती धुळीला सरावते, असा निष्कर्ष तू काढलास. तो परीक्षकांनी नाकारला आणि आपले चुकले कुठे, हेच तुला कळेना. आकडेमोड बरोबर आहे. आकडे आणि निष्कर्ष यांच्यामध्ये मात्र एक वाक्य दडले आहे, जे तू कागदावर उतरवलेच नाहीस: 'तेव्हा मागावर उभे राहिलेले सगळे आजही मागावरच आहेत.' ते लिहिले असतेस, तर तुझे तुलाच पटले नसते. ज्यांना धूळ सोसली नाही ते केव्हाच रिक्षा चालवू लागले किंवा घरी बसले. उरले ते मुळात दणकट. कष्टाच्या कामात धडधाकट माणसे शिरतात आणि खचलेली बाहेर पडतात, ही मेख विल्यम ओगल यांनी इंग्लंडमधील व्यवसायवार मृत्यूंचा अभ्यास करताना १८८५ मध्येच दाखवली होती. इतक्या जुन्या खड्ड्यात तू पडावीस याचा मला राग आला, कारण मीही तिथेच पडलो होतो.

तरुणपणी एका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापूस पिंजून विंचरतात तिथे, मी पाहणी केली. हजेरीपट घेऊन, कामावर असलेल्यांनाच प्रश्न विचारले आणि 'धुळीचा लक्षणीय परिणाम नाही' असे लिहून दिले. काही महिन्यांनी पूर्व भागातल्या एका ओट्यावर त्याच खात्यातला माणूस भेटला. चार शब्द बोलून तो दम घ्यायला थांबे. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळायची, मग जरा बरे वाटायचे, असे त्याने सांगितले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही खूण मी पुस्तकात वाचलेली होती. हजेरीपटात त्याच्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती, आणि ती मी पाहिली होती. मला चारच दिवस मिळाले होते, यादीबाहेर जाण्याची मुभा नव्हती, हे आजही सांगतो आणि ते खरेही आहे. पण न लिहिलेले वाक्य लिहून काढायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

तेव्हापासून 'मुळे' हा शब्द दिसला की मी तिथेच अडून बसतो. सहकाऱ्यांना त्याचा त्रास झाला, तरी ती सवय मी सोडलेली नाही. तुझ्या दुसऱ्या प्रकरणातही तेच आहे. विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूमुळे दम लागतो, असे लिहितेस. पण त्यांच्यापैकी किती जणी चुलीवर स्वयंपाक करतात आणि ज्यांच्याशी तुलना केलीस त्या कशावर करतात, हे विचारलेस का? तंबाखू निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. बाकी सगळे सारखे आहे, हे तू न सांगता धरून चाललीस, आणि न लिहिलेले वाक्य लिहून काढ, एवढेच मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

आता नवे आकडे गोळा करू नकोस. कारखान्यातून दहा वर्षांपूर्वीचा हजेरीपट मिळव, आज नसलेल्या नावांची यादी कर आणि रविवारी ती घेऊन ये. गुडघे दुखत असले तरी पहिल्या चार घरांना मी तुझ्याबरोबर येईन.